मावा नेमका कुठे अडतो? धार आणि देवासच्या कृषी विज्ञान केंद्रांना खुले पत्र

प्रति,
वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख,
कृषी विज्ञान केंद्र, धार आणि कृषी विज्ञान केंद्र, देवास

विषय : गव्हाच्या जातींची शिफारस आणि माव्याचा प्रतिकार



गव्हावरच्या माव्याला पानाशी फारसे देणेघेणे नसते. त्याला हवी असते ती पानाच्या शिरेतली अन्नवाहिनी, म्हणजे पानात तयार झालेली साखर मुळांकडे आणि ओंबीकडे नेणारी नळी. सोंड पानावर टेकल्यापासून या नळीतला रस पोटात जाईपर्यंत त्याला एकामागून एक बरेच टप्पे पार करावे लागतात. गव्हाची एखादी जात माव्याला प्रतिकारक ठरते तेव्हा ती यांपैकी कुठल्या तरी टप्प्यावर त्याला अडवत असते. कुठल्या, हा प्रश्न जातींच्या माहितीपत्रकात सहसा येत नाही. तांबेऱ्याबद्दल तिथे सविस्तर लिहिलेले असते. माव्याबद्दल असलाच तर एखादा शब्द. धार जिल्ह्यातल्या नालछा विकासखंडात खरिपात सोयाबीन-मका आणि रब्बीत गहू-हरभरा असे चक्र चालते. अशा भागात तरी या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्यापर्यंत पोहोचावे, अशी या पत्रातली विनंती आहे. तिच्यामागची कारणे पुढे क्रमाने येतात.

मावा ही एक कीड नव्हे. भारतात गहू आणि जवावर प्रामुख्याने सहा प्रकारचा मावा आढळतो. मक्याच्या पोंग्यात दाटीवाटीने बसणारा निळसर हिरवा रोपॅलोसिफम मेडिस. त्याच वंशातला रोपॅलोसिफम पाडी. ओंबीत दाण्यांच्या कडेने बसणारे सायटोबिऑन वंशातले दोन. पानाला जागोजाग पिवळे-तांबडे डाग पाडणारा शिझाफिस ग्रॅमिनम. आणि जमिनीखाली मुळांवर राहणारा रोपॅलोसिफम रुफिअ‍ॅब्डॉमिनेल. माळव्यातल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात हे सगळे माहू, आणि शेवटचा जड माहू. यांतला पहिला नालछ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा, कारण त्याला मका, ज्वारी, जव आणि गहू ही सगळीच पिके चालतात. खरिपात जिथे मका असतो, तिथे रब्बीचा गहू उगवून येईपर्यंत या किडीला दूर जाण्याचे कारणच उरत नाही.

माव्याची वाढ किती झपाट्याने होते हे सर्वांना ठाऊक आहे; तिचे कारण मात्र सांगण्याजोगे आहे. आपल्याकडच्या हवामानात मादीला नर लागत नाही. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढीला लागलेले असतात. पिल्लू चार वेळा कात टाकते आणि हवामान मानवले तर आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते. गर्दी झाली किंवा पीक पिकू लागले की पंखांचे मावे तयार होतात आणि वाऱ्याबरोबर पुढच्या शेतात जातात. म्हणून माव्याच्या बाबतीत वाढीचा वेग थोडा मंदावला तरी महिन्याभराने दिसणारा फरक मोठा असतो. प्रतिकाराचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

आता सोंडेकडे वळू. बाहेरून जी सोंड दिसते ते नुसते आवरण असते. ते पानात शिरत नाही. त्याच्या आत केसाहून कितीतरी बारीक अशा चार सुया असतात. बाहेरच्या दोन आतल्या दोघींना आधार देतात. आतल्या दोन एकमेकींत खाचेने बसतात आणि त्यांच्या मधोमध दोन सूक्ष्म नळ्या तयार होतात: एकीतून लाळ पानात जाते, दुसरीतून रस वर येतो. मावा पानावर उतरला की आधी सोंडेच्या टोकाने पृष्ठभाग चाचपतो. पानावरचे मेण, लव, शिरांची ठेवण यांचा कस इथेच लागतो. मग लाळेचा एक थेंब पानावर पडतो, तो लगेच घट्ट होतो आणि त्यातून सुया आत सरकतात. पुढच्या सगळ्या वाटेवर ही घट्ट होणारी लाळ सुयांभोवती वेष्टण तयार करत जाते. मावा निघून गेला तरी हे वेष्टण पानात राहते, आणि पानाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो कुठून कुठे गेला होता हे पुरते दिसते.

ही वाट पेशींमधून जात नाही, पेशींच्या मधल्या भिंतींतून जाते. नाकतोडा किंवा अळी पेशी फोडत जाते. मावा त्या टाळत जातो. वाटेत तो एकेका पेशीला पाच-दहा सेकंद टोचतो, आतल्या रसाचा अंशभर नमुना घेतो आणि सुई मागे घेऊन पुढे सरकतो. अन्नवाहिनी कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज त्याला या चाखण्यातूनच येतो, असे मानले जाते. तिथवर पोहोचायला साधारण तास-दोन तास लागतात, कधी त्याहून जास्त. पोहोचल्यावरही तो लगेच पिऊ लागत नाही. आधी दुसऱ्या प्रकारची, पाण्यासारखी पातळ लाळ नळीत सोडतो. वनस्पतीच्या अन्नवाहिनीला इजा झाली की ती स्वतःला बुजवून घेते: प्रथिनांच्या गुठळ्या होतात, चाळणीसारख्या आडपडद्यांवर कॅलोज नावाचा पदार्थ साचतो, आणि या सगळ्याची सुरुवात नळीत कॅल्शियम वाढण्याने होते. माव्याच्या पातळ लाळेत कॅल्शियमला धरून ठेवणारी प्रथिने असतात. २००७ साली जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की ही लाळ अशा गुठळ्या विरघळवू शकते. त्यांचे प्रयोग शेंगवर्गीय पिकातल्या प्रथिनांवर झाले होते. गव्हाच्या कुळात बुजवण्याची यंत्रणा तपशिलात वेगळी आहे, पण नळी उघडी राहण्यासाठी माव्याला लाळ सोडत राहावे लागते हे दोन्हीकडे सारखेच.

नळी उघडी राहिली की माव्याला ओढायचे श्रम फारसे नसतात. अन्नवाहिनीत दाब इतका असतो की तोटी उघडल्यावर नळातून पाणी यावे तसा रस आपोआप वर येतो. जे. एस. केनेडी आणि टी. ई. मिट्लर यांनी १९५३ साली याचा मोठा सुंदर उपयोग करून घेतला. पीत असलेल्या माव्याच्या सुया मुळाशी कापून टाकल्या, तर पानात उरलेल्या थुटातून रसाचे थेंब कित्येक तास येत राहतात. शुद्ध अन्नरस मिळवण्याची ही पद्धत वनस्पतिशास्त्राला माव्यानेच दिली.

या रसात साखर भरमसाट आणि उपयोगाची अमिनो आम्ले तुटपुंजी. हा असमतोल मावा दोन प्रकारे भरून काढतो. त्याच्या पोटातल्या खास पेशींत बुखनेरा नावाचे जिवाणू राहतात आणि रसात कमी असलेली आवश्यक अमिनो आम्ले तयार करून देतात. पाउल बुखनर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना हे नाव मिळाले. २००० साली जपानी संशोधकांनी या जिवाणूचा जनुकसंच वाचला तेव्हा तो अवघ्या सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरांचा निघाला. माव्याबाहेर जगण्याची सोयच त्यात उरलेली नाही. दुसरा उपाय म्हणजे भरपूर रस पिणे आणि जास्तीची साखर बाहेर टाकणे. पानावर पडणारा चिकट मधुरस तो हाच. त्यावर काळी बुरशी धरते, पानाला ऊन मिळत नाही, आणि ज्वारीत तर कडबाच खराब होतो. युरियाचा हात सैल सुटलेल्या शेतात मावा जास्त का, याचेही उत्तर इथेच आहे: नत्र जास्त झाले की रसातली अमिनो आम्ले वाढतात आणि माव्याची मुख्य अडचण शेतकरीच दूर करतो.

पानाच्या आत चाललेला हा सगळा व्यवहार डोळ्यांना दिसत नाही. तो विजेने मोजला जातो. १९६४ साली कॅलिफोर्नियात मॅक्लीन आणि किन्सी यांनी ही युक्ती काढली आणि १९७८ च्या सुमारास नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या टियालिंगी यांनी ती आजच्या रूपात आणली. माव्याच्या पाठीवर चांदी मिसळलेल्या गोंदाचा बारीकसा ठिपका लावतात आणि त्यात सुमारे २० मायक्रॉन जाडीची, दोन-तीन सेंटिमीटर लांबीची सोन्याची तार चिकटवतात. तारेचे दुसरे टोक यंत्राला, आणि यंत्राची दुसरी तार कुंडीतल्या ओल्या मातीत. मावा तारेला बांधलेला असला तरी पानावर मोकळेपणाने फिरतो. त्याने सुया पानात घातल्या की मंडल पूर्ण होते आणि कागदावर लहरी उमटू लागतात. पेशींच्या भिंतींतून वाट काढतानाची लहर वेगळी, पेशीला टोचल्यावर दाब एकदम खाली येतो ती खूण वेगळी, अन्नवाहिनीत लाळ सोडतानाची वेगळी आणि रस पितानाची वेगळी. तहान लागल्यावर तो जलवाहिनीतले पाणी पितो, तीही लहर ओळखू येते. आठ तासांची अशी नोंद पाहिली की एखाद्या जातीवर माव्याचे पाऊल नेमके कुठे अडखळते हे सांगता येते.

प्रतिकाराची जुनी विभागणी यापूर्वीची आहे. कॅन्ससचे रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली 'इन्सेक्ट रेझिस्टन्स इन क्रॉप प्लांट्स' या ग्रंथात तिचे तीन भाग केले: किडीला पीक आवडत नाही, पीक खाल्ल्याने किडीचे नुकसान होते, किंवा कीड असूनही पिकाचे फारसे बिघडत नाही. अजूनही प्रजननकार हीच भाषा बोलतात आणि ती सोयीचीही आहे. पण माव्याच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण 'आवडत नाही' हे पानाच्या मेणामुळे असू शकते, वाटेतल्या रसायनामुळे असू शकते किंवा अन्नवाहिनी उघडीच राहत नसल्यामुळेही असू शकते. शेतात या तिन्हींचे परिणाम वेगवेगळे होतात.

विषाणूचे उदाहरण घेतले तर हे लगेच पटेल. जव आणि गव्हातला पिवळा खुजा रोग १९५१ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. त्याचा विषाणू अन्नवाहिनीतच राहतो. मावा तिथे पोहोचून पिऊ लागला तरच तो उचलला जातो, आणि तिथे लाळ सोडली तरच दुसऱ्या रोपात जातो. म्हणजे अन्नवाहिनीच्या दाराशी मावा अडवणारी जात या रोगालाही बऱ्याच अंशी आळा घालते. मका आणि ज्वारीतल्या मोझॅक रोगाचे विषाणू याच्या उलट वागतात. ते पहिल्या काही सेकंदांच्या टोचण्यात सुईला लागतात आणि पुढच्या रोपावरच्या तशाच टोचण्यात उतरतात. इथे माव्याला बेचैन करून या रोपावरून त्या रोपावर फिरायला लावणारी जात रोग पसरवायला हातभार लावू शकते. दोन्ही जाती माहितीपत्रकात 'माव्यास प्रतिकारक' म्हणूनच छापल्या जातील.

वाटेतल्या रसायनांत सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो डिंबोआचा. गहू, मका आणि राय या पिकांच्या पेशींत तो साखरेला जोडलेल्या निरुपद्रवी रूपात साठवलेला असतो. पेशी फुटली की विकर साखर तोडून टाकते आणि विषारी रूप मोकळे होते. चिलीतल्या हेर्मान निमेयर यांनी गहू आणि माव्याच्या संदर्भात यावर वर्षानुवर्षे काम केले. पेशी टाळत जाण्याची माव्याची सवय या रसायनापुढे उपयोगी पडते, पण पुरती नाही, कारण नमुन्यासाठी टोचताना डिंबोआ थोडाफार पोटात जातोच. मक्यात तर तो अन्नवाहिनीत कॅलोज साचवायचा इशाराही देतो असे दिसले आहे. अडचण अशी की कोवळ्या रोपात भरपूर असलेले हे द्रव्य वाढत्या वयाबरोबर घटत जाते. डिसेंबरात रोपावर मावा टिकत नाही म्हणून नावाजलेली जात फेब्रुवारीत ओंबीवर तसेच वागेल याची खात्री देता येत नाही. लागवडीच्या जवात डिंबोआ नसतोच. तिथे ग्रॅमीन नावाचे दुसरे द्रव्य काम करते. ओंबीपुरता आणखी एक मुद्दा: कुसळे असलेल्या ओंबीवर सायटोबिऑनची वाढ कमी होते, असे इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले. माळव्याच्या कठिया गव्हाला, मराठी घरांत ज्याला बन्सी म्हणतात त्याला, लांब कुसळे असतात हे त्या दृष्टीने बरेच झाले.

कठिया गव्हाचा प्रश्न इथे थोडा थांबून पाहायला हवा, कारण इंदूरच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्रातून मालव शक्ती, पोषण, पुसा तेजस अशा जाती निघाल्या आणि धार-देवासच्या काळ्या जमिनीत हा गहू चांगला रुजला आहे. माव्याविरुद्ध जगात सर्वाधिक गाजलेली जनुके अमेरिकेतल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पोळी-पावाच्या गव्हातली आहेत. या साध्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, ए, बी आणि डी. पाने गुंडाळणाऱ्या रशियन माव्याविरुद्धची डीएन-१, डीएन-२ आणि डीएन-४, आणि शिझाफिसविरुद्धचे जीबी-३ ही जनुके डी संचावर आहेत. कठिया गव्हात डी संचच नाही. त्यामुळे परदेशात यशस्वी झालेली ही जनुके साध्या संकराने पुसा तेजसमध्ये येणार नाहीत. याउलट इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात एकदाणी गव्हाच्या, म्हणजे ट्रिटिकम मोनोकॉकमच्या, काही वाणांवर रोपॅलोसिफम पाडी आणि सायटोबिऑन हे दोन्ही मावे नीट वाढत नाहीत असे दिसले आहे. या गव्हाचा संच कठिया गव्हाच्या ए संचाच्या जवळचा आहे. माळव्यासाठी शोधायचा स्रोत त्या बाजूला आहे, हे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

एका जनुकावर विसंबलेला प्रतिकार किती टिकतो, याची हकीकत बोधप्रद आहे. रशियन मावा १९७८ साली दक्षिण आफ्रिकेत आणि १९८६ साली टेक्सासमध्ये पोहोचला. त्याच्या लाळेने पान लांबट गुंडाळले जाते, पांढरे पट्टे पडतात, आणि गुंडाळलेल्या पानात फवारा पोहोचत नाही. कोलोरॅडोने १९९४ साली डीएन-४ जनुक असलेली 'हॉल्ट' ही जात दिली. २००३ साली त्याच राज्यात या जातीला दाद न देणारा मावा निघाला. शिझाफिसची गोष्ट याहून जुनी. १९६८ साली तो गव्हावरून ज्वारीवरही उतरला, आणि पुढे गव्हाची 'अमिगो' ही प्रतिकारक मानलेली जातही १९८० च्या सुमारास एका नव्या प्रकारापुढे निष्प्रभ ठरली. किडीला मारणारा प्रतिकार किडीवर निवडीचा दाब आणतो. पीक सहन करते अशा प्रतिकारात हा दाब जवळजवळ नसतो, म्हणून तो जास्त टिकतो. पण सहनशील जात शेतात माव्याने भरलेली दिसते. मोजणी करणारा तिला नापास करून मोकळा होतो.

देशात कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेच्या समन्वयाने निरनिराळ्या केंद्रांवर गव्हाच्या वाणांची माव्यासाठी तपासणी होते. फुटव्यामागे किती मावा आहे यावरून १ ते ५ गुण दिले जातात. काम मोलाचे आहे. मात्र या गुणांतून एका दिवशी किती मावा दिसला तेवढेच कळते. तो उतरलाच नाही, उतरून निघून गेला, राहिला पण वाढला नाही, की वाढूनही पिकाचे बिघडले नाही, हे चार प्रश्न त्या एका आकड्यात मिसळून जातात.

नुसत्या मोजणीपलीकडे पाहण्याची गरज महाराष्ट्रातल्या रब्बी ज्वारीने निराळ्या वाटेने दाखवली आहे. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या पट्ट्यात थंडी वाढली की पानाखाली पिवळसर मावा बसतो आणि चिकटा पडतो. मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात चिकट्यापुढे अभेद्य नाही, तरी भाकरी आणि कडबा या दोन्हींसाठी शेतकऱ्याने ती सोडलेली नाही. याच माव्याच्या जवळच्या नातलगाने २०१३ पासून अमेरिकेत आणि नंतर हैतीत ज्वारीचे पीक आडवे केले. हैतीत बचावलेल्या ज्वारीत जे जनुक सापडले, आरएमईएस-१, ते त्याआधी चीनमधल्या संशोधकांना आढळलेले होते. प्रतिकारक अमेरिकन ज्वारीवर तार बांधून घेतलेल्या नोंदींत मावा सुया कमी वेळ आत ठेवतो आणि अन्नवाहिनीतला रस कमी काळ पितो असे दिसले. ज्वारीच्या संशोधकांना आपले जनुक कुठल्या टप्प्यावर काम करते याची कल्पना अशी आली.

दुसऱ्या टोकाला रॉथमस्टेडचा २०१२-१३ चा प्रयोग. घाबरलेला मावा फार्नेसीन नावाचा वास सोडतो आणि शेजारचे मावे पळतात. हा वास गव्हानेच तयार करावा म्हणून पुदिन्यातल्या जनुकाच्या धर्तीवरचे जनुक 'कॅडेंझा' या जातीत घातले. प्रयोगशाळेत मावा पळाला. शेतात, २०१५ साली छापलेल्या निष्कर्षांप्रमाणे, मावा कमी झाला नाही. सततचा इशारा मावा ऐकेनासा होतो, हे एक संभाव्य कारण. त्या वेळी जनुकीय पिकांच्या विरोधकांनी शेत उखडू नये म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनीही त्यांना खुले पत्र लिहिले होते.

जड माहूचे प्रकरण स्वतंत्र आहे, आणि माळव्यात तेच जास्त त्रासाचे. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत शेतात ठिकठिकाणी पिवळे चट्टे दिसू लागतात. शेतकरी आधी युरिया टाकतो, मग पाणी देतो. पिवळे रोप अलगद उपटून माती झटकली तर मुळांच्या जोडाशी गडद हिरवे, मागच्या बाजूने तांबूस छटेचे मावे आणि आसपास मुंग्या दिसतात. ओल कमी आणि हवा उबदार असेल तर प्रकोप वाढतो. ओंबीवर माव्याला तोंड देणारी जात मुळांवरही देईल असे मानायला आधार नाही; पानाचे मेण किंवा कुसळे यांपैकी काहीच मुळांत नसते. बीजप्रक्रियेत वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामसारखी औषधे पाण्याच्या प्रवाहाबरोबर रोपात चढतात आणि मुळांवर बसलेल्या माव्यापर्यंत पहिले काही आठवडे पोहोचतात. म्हणून वर्षाआड चट्टे पडणाऱ्या शेतात ती उपयोगी आहेत. सरसकट सगळ्या बियाण्याला लावण्याचे कारण दिसत नाही.

ढाल किडे, सिरफिड माशीच्या अळ्या, क्रायसोपा आणि माव्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या यांचा प्रतिकाराशी असलेला संबंध इंग्लंडचे हेल्मुट व्हॅन एम्डेन यांनी फार पूर्वी स्पष्ट केला. जात थोडीशीच प्रतिकारक असली तरी माव्याची वाढ मंदावते आणि मित्रकिडींना त्याला गाठायला वेळ मिळतो. दोन्ही मिळून होणारे काम बेरजेपेक्षा जास्त असते. पानावर फुगून तपकिरी झालेले, हात लावला तरी न हलणारे मावे दिसले तर गांधीलमाशी कामाला लागली आहे असे समजावे. ओंबीमागे सरासरी पाच मावे ही फवारणीची प्रचलित पातळी आहे; असे तपकिरी मावे त्या मोजणीत धरायचे नसतात, ही सूचना पत्रकात क्वचितच असते.

या सगळ्यावरून केंद्रांकडे मागणे ठरते. पीक प्रात्यक्षिकांसाठी निवडलेल्या प्रत्येक जातीचा एक पट्टा फवारणीविना ठेवावा. रोपावस्थेत मुळे उपटून, फुटव्यांच्या वेळी पाने पाहून आणि दाणा भरताना ओंबी पाहून अशा तीन वेगळ्या मोजण्या घ्याव्यात, आणि त्या एकत्र न करता वेगळ्याच छापाव्यात. फवारलेल्या व न फवारलेल्या पट्ट्यांच्या उत्पन्नातला फरक दिला तर सहनशील जात ओळखू येईल. मोजणीच्या आकड्यांतून ती कधीच ओळखू येत नाही. मक्याशेजारचा गहू आणि सोयाबीनशेजारचा गहू यांची तुलना नालछ्यात सहज करता येण्याजोगी आहे, देवासच्या सोयाबीन पट्ट्यात तेवढी नाही. म्हणून हा भाग धारच्या केंद्राने घ्यावा. तार बांधून विजेने घ्यायच्या नोंदी जिल्हा केंद्राच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पण शेतातल्या या नोंदींवरून ज्या चार-दोन जाती वेगळ्या वागताना दिसतील त्यांचे बियाणे इंदूर किंवा कर्नालकडे त्या चाचणीसाठी पाठवता येईल, आणि माहितीपत्रकात जातीच्या नावापुढे मावा रोपावर, पानावर, ओंबीवर की मुळांवर अडतो हे एका ओळीत लिहिता येईल.